कचेरीतील संगणक आणि त्यांची शुद्धिपत्रे



जुन्या मराठी ग्रंथांच्या शेवटी एक पान हमखास असावयाचे. त्यावर चार रकाने : पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. वर एक नम्र विनंती छापलेली असे, की वाचकांनी पुढील चुका आधी दुरुस्त करून घ्याव्यात आणि मगच ग्रंथवाचनास आरंभ करावा. त्या पानाला शुद्धिपत्र म्हणत. या सभेत आपण सारे आपसांतलेच आहोत. तेव्हा खरे सांगावयास हरकत नाही. ती विनंती आपल्यापैकी कितीजणांनी मानली? पेन्सिल घेऊन पानोपान चुका सुधारीत बसलेला वाचक मी तरी फारसा पाहिलेला नाही. चूक सापडली होती, तिची सुधारणा ठरली होती, ती छापून हातातही आली होती. तरी ग्रंथ मात्र अशुद्धच राहिला. कारण शेवटची पायरी प्रत्येकाने आपापल्या हाताने चढावयाची होती, आणि नेमका तेथेच हात आखडला.

आजचा माझा विषय दिसावयास अगदी नवा आणि थोडासा रुक्ष आहे. बँका, बंदरे, विमानतळ, इस्पितळे, सरकारी कचेऱ्या यांत आज हजारोंनी संगणक काम करीत आहेत. त्यांना काम सांगणारी जी आज्ञावली, म्हणजे ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो, ती त्यांच्यावर चढवावयाची कशी, आणि तीत दोष निघाले म्हणजे दुरुस्ती प्रत्येक यंत्रापर्यंत पोचवावयाची कशी, हा तो विषय. पण नीट पाहिले तर हा त्या शुद्धिपत्राचाच प्रश्न आहे. गेल्या काही दशकांत माणसाने ती शेवटची पायरी हातांकडून काढून घेऊन यंत्राच्या स्वाधीन केली. ती का केली, त्यात काय मिळविले आणि कोणता नवा धोका पदरात घेतला, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. हा इतिहास तंत्रज्ञांचा असला, तरी त्याचे भोग मात्र तुमच्याआमच्यासारख्यांनी, रांगेत उभे राहून, भोगलेले आहेत.

प्रारंभ करू या एका शब्दापासून. कचेरीतला संगणक सांभाळणारा तरुण अधूनमधून म्हणतो, "आज पॅच टाकायचा आहे." पॅच म्हणजे ठिगळ. हा शब्द आज अलंकारिक वाटतो. मुळात तो अलंकार नव्हता, वस्तुस्थिती होती. १९४४ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मार्क-१ नावाचे प्रचंड गणनयंत्र चालू झाले. त्याला आज्ञा द्यावयाच्या त्या कागदाच्या लांबलचक पट्टीवर भोके पाडून. भोक भलत्या जागी पडले, की त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवावयाचे आणि योग्य जागी दुसरे पाडावयाचे. अशी ठिगळे लावलेली पट्टी अमेरिकेतील संग्रहालयात आजही जपून ठेवलेली आहे. गोधडीला ठिगळ लावणारी आजी आणि गणनयंत्राला ठिगळ लावणारा शास्त्रज्ञ यांच्या कामात त्या दिवशी तरी फारसा फरक नव्हता. यंत्र एक, पट्टी एक, आणि ठिगळ लावणारा हातही एक. जेथे चूक तेथेच सुधारणा. पोचविण्याचा प्रश्नच नव्हता.

धंद्याच्या हिशेबाला संगणक प्रथम जुंपला तो इंग्लंडात, आणि तो जुंपणारे होते चहाच्या दुकानांचे मालक. जे. लायन्स आणि कंपनी या पेढीने स्वतःसाठी 'लिओ' नावाचा संगणक बांधला आणि १९५१ च्या नोव्हेंबरात त्यावर आपल्या बेकरीच्या मालाच्या मूल्याचा हिशेब नियमितपणे सुरू केला. पुढच्या वीस वर्षांत मोठमोठ्या व्यापारी कंपन्यांनी अशी यंत्रे घेतली. त्यांत आयबीएम या अमेरिकन कंपनीचा वाटा सर्वांत मोठा. यंत्र थंड हवेच्या खोलीत, त्याचे पुजारी ठरलेले, इतरांना गाभाऱ्यात प्रवेश नाही. दोष सापडला, की आयबीएम चुंबकीय फितीवरून दुरुस्ती पाठवी. तिला नाव होते 'प्रोग्राम टेम्पररी फिक्स', म्हणजे आज्ञावलीची तात्पुरती डागडुजी. आपल्याकडे तात्पुरत्या म्हणून घातलेल्या पत्र्याखाली दोन पिढ्यांचे संसार होतात, तसेच येथेही झाले. ते तात्पुरते नाव आजही चालू आहे. मग २३ जून १९६९ रोजी आयबीएमने जाहीर केले, की यापुढे बऱ्याचशा आज्ञावलींची किंमत यंत्रापासून वेगळी आकारली जाईल. त्या दिवसापासून आज्ञावली ही स्वतंत्र विक्रीची वस्तू झाली. यंत्र एकाचे, आज्ञावली दुसऱ्याची, तिची दुरुस्ती तिसऱ्याने करावयाची, असा तिहेरी व्यवहार पुढे वाढत गेला.

तरीही तोवर यंत्रे मोजकी होती. चित्र पालटले ते ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने टेबलावर मावणारा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला तेव्हा. एका गाभाऱ्यातील देव फुटून घरोघर देव्हारे झाले. आपल्याकडे रंगराजन समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाच्या शिफारशी केल्या आणि त्यानंतर शाखाशाखांतून खातेवहीची नोंद करणारी यंत्रे व पुढे संगणक आले. त्या काळी प्रत्येक शाखेचा संगणक म्हणजे स्वतंत्र संस्थान होते. आज्ञावलीत बदल करावयाचा झाला, की एक तरुण पिशवीत फ्लॉपीच्या चकत्या घालून एस. टी.ने शाखाशाखांची वारी करी. एका गावी वीज नसे, दुसऱ्या गावी चकती खराब निघे, तिसऱ्या ठिकाणी व्यवस्थापक म्हणत, "आज शनिवार आहे, गर्दी आहे, सोमवारी या."

येथे थोडे अंकगणित केले पाहिजे. समजा, एका संस्थेत चारशे संगणक आहेत आणि एका दुरुस्तीला प्रत्येक यंत्रापाशी अर्धा तास बसावे लागते. म्हणजे दोनशे तास झाले. आठ तासांचा दिवस धरला तर एका माणसाचे पंचवीस दिवस. कामकाजाचा एक अख्खा महिना. आता दुरुस्त्या जर दरमहा येऊ लागल्या, तर पहिली संपते न संपते तोच दुसरी दाराशी उभी! आणि पंचविसाव्या दिवशी थकलेला तो माणूस तीनशेनव्वदाव्या यंत्रापाशी नेमके तेच करील का, जे त्याने पहिल्या दिवशी केले होते? खरा प्रश्न वेळेचा नाही, तर एकसारखेपणाचा आहे. शंभर हातांनी केलेले काम शंभर तऱ्हांचे होते. यंत्रे हळूहळू एकमेकांपासून वेगळी पडत जातात. कोणावर जुनी आज्ञावली, कोणावर नवी, कोणावर अर्धीमुर्धी. अमुक यंत्रावर आज काय आहे, हे मग कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही.

या अडचणीतून १९९० नंतरच्या दशकात निरनिराळ्या वाटा निघाल्या. कोणी एका नीट बसविलेल्या यंत्राची हुबेहूब नक्कल इतरांवर उतरविण्याची सोय केली. १९९४ साली मायक्रोसॉफ्टने मध्यवर्ती ठिकाणाहून कचेरीतील सर्व संगणकांवर आज्ञावली चढविणारा 'सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर' आणला. १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'डेबियन' या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाने प्रत्येक आज्ञावलीचे व्यवस्थित गाठोडे बांधण्याची आणि कोणत्या गाठोड्याला दुसरे कोणते लागते याची यादी त्याबरोबरच ठेवण्याची पद्धत घालून दिली. त्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या 'आप्ट' या साधनाने ती सारी गाठोडी तारेवरून आपोआप आणून बसविण्यास सुरुवात केली. १९९८ साली 'विंडोज अपडेट' आले आणि सामान्य माणसाच्या घरच्या यंत्रालाही शुद्धिपत्र थेट मिळू लागले.

परंतु या सर्वांत वैचारिक दृष्ट्या मला मोलाचे वाटते ते १९९३ साली ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने आरंभलेले 'सीएफइंजिन'. त्यातला विचार आपल्या स्वयंपाकघरातील उदाहरणाने सांगतो. पंगतीत वाढणाऱ्या नवख्या मुलाला दोन तऱ्हांनी शिकविता येते. एक तऱ्हा अशी : "तीन पावले पुढे जा, वाक, चमचाभर चटणी टाक, आणखी एक पाऊल जा." ही आज्ञा आंधळी आहे. एखाद्या पानावर चटणी आधीच वाढलेली असली, तर तेथे ती दुप्पट पडेल. पान मोकळेच असले, तर जमिनीवर. दुसरी तऱ्हा आपल्या आजीची : "पानात वर मध्ये मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. असे प्रत्येक पान दिसले पाहिजे." आता मुलगा प्रत्येक पानाकडे पाहतो, असेल ते राहू देतो, नसेल ते वाढतो. तो दहा वेळा फिरला तरी पान बिघडत नाही. बर्जेस यांच्या पद्धतीचे मर्म हेच. यंत्राला कृती सांगू नका. ते शेवटी कसे असावे ते सांगा आणि त्या स्थितीकडे ते वारंवार आणीत राहा. आज मोठमोठ्या संस्थांत हजारो संगणक सांभाळणारी जी साधने आहेत, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी हा आजीचा दंडक आहे.

साधने अशी हाती होती. मग ती सर्वांनी लगेच का वापरली नाहीत? कारण कचेऱ्यांतील जाणत्या माणसांना दुरुस्तीचीच भीती वाटे. चालत्या गाडीला हात लावू नये, ही त्यांची अनुभवाची शिकवण होती. त्यांना आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. नवी दुरुस्ती जुन्या हिशेबाची घडी मोडील, आणि मोडली तर जाब आपल्यालाच विचारला जाईल, हे त्यांना माहीत होते. न केलेल्या दुरुस्तीबद्दल मात्र सहसा कोणी विचारीत नाही. निदान २५ जानेवारी २००३ या दिवसापर्यंत विचारीत नव्हते.

त्या दिवशी 'स्लॅमर' नावाचा एक उपद्रवी प्रोग्राम इंटरनेटवर सुटला. त्याची लांबी अवघी ३७६ बाइट, म्हणजे एखाद्या छोट्याशा परिच्छेदाएवढी. पहिल्या मिनिटात त्याने ग्रासलेल्या यंत्रांची संख्या दर साडेआठ सेकंदांना दुप्पट होत गेली आणि दहा मिनिटांत जगातील ग्रासता येण्यासारख्या यंत्रांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक यंत्रे त्याच्या तावडीत सापडली. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाच्या सुमारे १३,००० एटीएमचे व्यवहार अडले. आणि यातली खरी मख्खी अशी, की ज्या छिद्रातून हा आत शिरला, ते बुजविणारे ठिगळ मायक्रोसॉफ्टने सहा महिने आधी, जुलै २००२ मध्येच, प्रसिद्ध केले होते. इतकेच नव्हे, तर खुद्द मायक्रोसॉफ्टच्याही काही यंत्रांवर ते लावावयाचे राहून गेले होते आणि तीही सापडली. शुद्धिपत्र लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या घरची प्रत अशुद्ध निघाली! त्याच वर्षी ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या प्रसिद्ध करण्याचा नेम धरला, तो आजतागायत चालू आहे. पंचांगात चतुर्थी-एकादशी असावी, तसा संगणक सांभाळणाऱ्यांच्या पंचांगात हा मंगळवार आला.

नेम आला तरी विसर गेला नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या उपद्रवाने इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील इस्पितळे अडवली, हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या; आणि त्याही छिद्राचे ठिगळ दोन महिने आधी, १४ मार्चला, तयार होते.

येथपर्यंतचा इतिहास ऐकून कोणी म्हणेल, की मग प्रश्न सोपा आहे. हात काढा, यंत्र आणा. या मताला बळकटी देणारी एक कथा अमेरिकेतील शेअरबाजाराची आहे. नाइट कॅपिटल ही तेथील मोठी दलाल पेढी. ग्राहकांचे सौदे बाजारात पाठविणारे तिचे आठ सर्व्हर होते. १ ऑगस्ट २०१२ पासून न्यूयॉर्कच्या बाजारात एक नवी योजना सुरू होणार होती आणि तिच्यासाठी नवी आज्ञावली या आठांवर आधीच चढवावयाची होती. पेढीच्या तंत्रज्ञाने ती हाताने चढवली. सात सर्व्हरांवर चढली. आठवा राहून गेला. दुसऱ्या कोणी पाहून खात्री करावी, असा लेखी नियम पेढीत नव्हता.

त्या आठव्या सर्व्हरवर एक जुनी, कित्येक वर्षे न वापरलेली आज्ञावली तशीच पडून होती. नव्या आज्ञावलीला जागे करण्यासाठी जी खूण योजिली होती, तीच खूण पूर्वी त्या जुनीला जागे करीत असे. सकाळी बाजार उघडला. सात सर्व्हरांनी खूण पाहून नवे काम केले आणि आठव्याने तीच खूण पाहून जुने भूत उठवले. ते सौदे करीत सुटले. ग्राहकांच्या अवघ्या २१२ मागण्यांपोटी पंचेचाळीस मिनिटांत चाळीस लाख व्यवहार झाले आणि पेढीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा आला. सर्वांत करुण भाग पुढेच आहे. घाबरलेल्या तंत्रज्ञांना वाटले, नव्या आज्ञावलीतच दोष आहे. म्हणून त्यांनी ती उरलेल्या सात सर्व्हरांवरूनही काढून टाकली. त्यामुळे तेथीलही भुते जागी झाली! बाजार उघडण्यापूर्वी यंत्रणेने आपणहून ९७ ई-पत्रे पाठवून काहीतरी बिनसल्याचे कळविले होते. पण ती पत्रे धोक्याचा इशारा म्हणून वाचावयाची आहेत, असे कोणास सांगितलेले नव्हते. पुढच्याच वर्षी ती पेढी दुसऱ्या पेढीत विलीन झाली. एका विसरलेल्या यंत्राने हे केले. आठही पाने सारखी वाढली आहेत ना, एवढे पाहणारी आजी तेथे नव्हती.

पण श्रोतेहो, इतिहास एकाच बाजूने साक्ष देत नाही. हातांकडून काम काढून ते एका वाहिनीकडे सोपविले, की त्या वाहिनीवर विश्वास ठेवावा लागतो. गावाला नळ आले म्हणजे विहिरींचा त्रास संपतो. पण टाकीत काही पडले, तर ते सर्वांच्याच घरी पोचते.

युक्रेनमध्ये 'एम. ई. डॉक' नावाची हिशेबाची आज्ञावली करभरणा करणाऱ्या असंख्य कंपन्या वापरीत. तिच्या दुरुस्त्या तारेवरून आपोआप येत. हल्लेखोरांनी कोणाच्या घराचे कुलूप फोडले नाही. त्यांनी ही दुरुस्त्यांची वाहिनीच ताब्यात घेतली आणि २७ जून २०१७ रोजी तीतून 'नॉटपेट्या' हे विष सोडले. जे नियमाने दुरुस्त्या घेत, तेच आधी बुडाले. युक्रेनमध्ये कचेरी असल्यामुळे डेन्मार्कची मेर्स्क ही जहाजकंपनी सापडली, आणि तिच्या जाळ्यातून ते जगभरच्या बंदरांत पोचले. त्यांत आपल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिचा धक्काही होता. कीव्हमधील हिशेबाच्या आज्ञावलीला ठिगळ लागते काय आणि उरणच्या बाजूला कंटेनरची ये-जा अडते काय! पण ते घडले.

मेर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे सांगितल्याप्रमाणे कंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. या उभारणीत एक विलक्षण अडचण आली. सर्व संगणकांची ओळखपाळख ठेवणारी जी मुख्य यंत्रे होती, ती जगभर दीडशेच्या आसपास असून एकमेकांशी सतत ताळा जुळवीत. एक गेले तर दुसरे आहे, ही त्यांतील सुरक्षितता. परंतु सगळीच एकदम पुसली जातील, ही कल्पना कोणी केली नव्हती. शोधाशोध झाली तेव्हा घानामधील कचेरीतले एकच यंत्र शाबूत सापडले. कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती. भारनियमनाला आपण आजवर पुष्कळ नावे ठेवली. त्याच्या पुण्याच्या खात्यावर एवढी एक नोंद मात्र केली पाहिजे.

मग येणारे शुद्धिपत्र खऱ्याच कर्त्याचे आहे, हे कसे ओळखावे? त्यासाठी प्रत्येक दुरुस्तीवर गणिती मुद्रा उठविण्याची पद्धत आहे. आपल्या जुन्या कागदपत्रांत पत्राच्या शेवटी मोर्तब असे, म्हणजे त्यापुढे कोणी ओळ वाढवू नये; तसेच हे. पण डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आले, की सोलरविंड्स या कंपनीच्या आज्ञावलीत मुद्रा उठण्यापूर्वीच, कारखान्यात शिरून, विष कालविले गेले होते. सुमारे १८,००० ग्राहकांनी ती दुरुस्ती घेतली. मोर्तब अस्सल, मजकूर मात्र बनावट.

आणि शेवटी १९ जुलै २०२४ चा शुक्रवार. या दिवशी शत्रू कोणीच नव्हता. क्राउडस्ट्राइक ही संगणकांच्या राखणीचे काम करणारी अमेरिकन कंपनी. तिने त्या सकाळी, आपल्या घड्याळाप्रमाणे ९ वाजून ३९ मिनिटांनी, आपल्या राखणदार आज्ञावलीसाठी नव्या नियमांची एक फाइल पाठविली. त्या नियमांनी एकविसावी बाब पाहावयास मागितली. यंत्रातील आज्ञावली वीसच पुरवीत होती. वीस आणि एकवीस! हिशेबात एक आणा चुकावा एवढीच ही चूक. ७८ मिनिटांत कंपनीने ती फाइल मागे घेतली. पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक निळे पडून बंद झाले होते. विमानतळ, बँका, इस्पितळे, वृत्तवाहिन्या थबकल्या. एकट्या डेल्टा या विमानकंपनीची पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणे रद्द झाली. मुंबई, दिल्लीच्या विमानतळांवर काही विमानकंपन्यांना प्रवाशांची नोंद हाताने करावी लागली, आणि देशात काही प्रवाशांना विमानात चढण्याची चिठ्ठी शाईने लिहून मिळाली.

मला यातली सर्वांत बोधप्रद गोष्ट वाटते ती पुढची. कंपनी आपली मुख्य आज्ञावली टप्प्याटप्प्याने पाठवीत असे, आणि ती केव्हा घ्यावी हे ग्राहकाला ठरविता येई. परंतु ही नियमांची छोटी फाइल म्हणजे किरकोळ, घाईची बाब. ती सर्वांना एकदमच जाई. दिंडीदरवाजावर पहारा आणि परसदार सताड उघडे! दुसरे असे, की जे बिघडले ते तारेवरून एका क्षणात बिघडले, पण सुधारावे लागले ते बहुतांशी हाताने. बंद पडलेला संगणक तारेवरून आज्ञा घेईना. प्रत्येकापाशी माणूस गेला, त्याने तो विशेष रीतीने चालू केला, ती फाइल शोधून पुसली. ज्यांच्यावर कुलूप होते त्यांना अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली टंकून घातली. ज्या हातांना आपण निरोप दिला होता, त्यांनाच पुन्हा बोलवावे लागले. फ्लॉपी घेऊन एस. टी.ने हिंडणारा तो तरुण चाळीस वर्षांनी पुन्हा प्रत्येक टेबलापाशी येऊन बसला.

आता या चार-पाच साक्षींचा मेळ कसा घालावयाचा? स्लॅमरने सांगितले, हातावर विसंबाल तर उशीर होईल. नाइट कॅपिटलने सांगितले, हात विसरेल. नॉटपेट्याने सांगितले, वाहिनी विषारी होऊ शकते. आणि क्राउडस्ट्राइकने सांगितले, एका हाताची चूक आता एका यंत्राची राहत नाही, ती सर्व यंत्रांची होते. माझ्या मते या साक्षी एकमेकींविरुद्ध नाहीत. एकसारखेपणा हे या सुधारणेचे सारे सामर्थ्य आहे, आणि तोच तिचा सारा धोका आहे. जी शक्ती चार लाख यंत्रांवर एकाच घटकेस बरोबर गोष्ट करू शकते, तीच चुकीचीही करू शकते. म्हणून स्वयंचलन हवे की नको, हा वाद आता निरर्थक आहे. हातांनी हे काम पुन्हा होणे नाही. विचारावयाचा प्रश्न असा, की ही धाव थांबविण्याचा अधिकार कोणाच्या हाती, आणि थांबण्याच्या जागा कोठे?

याचे उत्तरही जुनेच आहे. इंग्लंडातील कोळशाच्या खाणींत कामगार पिंजऱ्यात कॅनरी पक्षी घेऊन उतरत. विषारी वायूचा उपसर्ग त्या चिमुकल्या जिवाला आधी होई आणि माणसांना बाहेर पडण्याइतका अवधी मिळे. १९८६ साली तेथील सरकारने पक्ष्यांऐवजी उपकरणे आणण्याचे ठरविले; पण संगणकाच्या व्यवसायाने ते नाव उचलले आहे. नवी दुरुस्ती आधी मोजक्या यंत्रांवर चढवावयाची, तासभर, दिवसभर पाहावयाचे, मग शेकड्यांवर, मग हजारांवर. आणि प्रत्येक पायरीवर मागे फिरण्याची वाट मोकळी ठेवावयाची. १९ जुलैच्या अनर्थानंतर त्या कंपनीनेही नियमांच्या फायली याच रीतीने पाठविण्याचे आणि ग्राहकांना त्यावर अधिकार देण्याचे मान्य केले. भाताच्या सगळ्या शितांची परीक्षा करावी लागत नाही हे आपल्या घरातील बाईला कोणी शिकविले नव्हते; पण एक शीत तरी दाबून पाहिल्यावाचून ती पंगत बसवीत नाही.

तेव्हा आपल्या नागरी बँकेच्या, सहकारी संस्थेच्या किंवा इस्पितळाच्या वार्षिक सभेत अहवाल वाचून होईल, तेव्हा आपल्यापैकी एखाद्याने उभे राहून दोन प्रश्न जरूर विचारावेत. आपल्या यंत्रांपैकी आठवे यंत्र कोठे राहून तर गेलेले नाही ना, हे कोण पाहते? आणि एखादे वाईट शुद्धिपत्र आलेच, तर ते पहिल्या दहा यंत्रांवर अडते, की सगळ्यांवर जाऊन आदळते? हे प्रश्न विचारण्यास संगणकशास्त्र येण्याची गरज नाही. ठेव आपली आहे, आणि रांगेत उभे राहावे लागणार आहे तेही आपल्यालाच.

शुद्धिपत्र छापणाऱ्या जुन्या ग्रंथकाराने चूक कबूल केली होती, ही त्याची थोरवी. वाचकाने ती सुधारून घेतली नाही, ही वाचकाची उणीव. आज आपण ती उणीव यंत्राकडून भरून काढली आहे. परंतु शुद्धिपत्रातही अशुद्ध असू शकते, हे ओळखून एक प्रत आधी वाचून पाहणारा कोणीतरी जागा असावाच लागतो. ती जागा यंत्राला अद्याप दिलेली नाही. आणि मला वाटते, इतक्यात देऊही नये.